वाळवंटातील बिऱ्हाड

आमच्या अकलूजकडे 'वाळवंट' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पंढरपूरची चंद्रभागा उभी राहते. आमचे वाळवंट हे माणसांनी भरून जाण्याचे ठिकाण होय, ओसाड पडण्याचे नव्हे. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी अकलुजास मुक्कामाला येते, त्या रात्री गावातील ओसऱ्या, पडव्या, देवळे व शाळा वारकऱ्यांनी भरून जातात, आणि पाठ टेकण्याबद्दल कोणी कोणास पैसा विचारीत नाही. परंतु गेल्या काही दशकांत आमच्या घराघरांतून दुसऱ्याच एका वाळवंटाचे नाव ऐकू येऊ लागले आहे, आणि तेथे मात्र पाठ टेकण्यापुरत्या जागेचाही दर ठरलेला आहे. ते वाळवंट म्हणजे दुबई शहर होय.

हा विषय आज हाती घेण्याचे कारण असे. तिकडे नोकरीस गेलेली मुले सुट्टीवर येतात, त्यांच्याशी आणि त्यांच्या वडीलमाणसांशी आमचे बोलणे होते. त्यात वारंवार असे आढळते की, मुलाच्या पगाराचा आकडा घरातील लहान पोरासही पाठ असतो, परंतु त्याच्या बिऱ्हाडाला भाडे किती पडते हे घरच्या कर्त्या पुरुषासही सांगता येत नाही. पगाराला चालू भावाने गुणून रुपये काढावयाचे आणि त्या राशीकडे पाहून घरच्या कर्जाचे, बहिणीच्या लग्नाचे व वाड्याच्या दुरुस्तीचे बेत आखावयाचे, असा क्रम सर्वत्र दिसतो. हा हिशेब मुळातच अपुरा आहे, आणि त्याचे परिणाम मुलास भोगावे लागतात. म्हणून तिकडे परवडणारे बिऱ्हाड कसे मिळते, त्याचे नियम कोणते, आणि त्यात घरच्यांचे कर्तव्य काय, याचा विचार या महिन्यात करू.

प्रथम नाण्याची ओळख करून घेऊ, कारण ते आपल्याला वाटते तितके परके नाही. तिकडचे नाणे दिरहम. ग्रीक लोकांच्या 'द्राख्मे' या नाण्यापासून हा शब्द आला, आणि त्याच मुळापासून आपला 'द्रम्म' व पुढे 'दाम' हा शब्द निघाला. भास्कराचार्यांच्या लीलावतीत १६ पणांचा एक द्रम्म व १६ द्रम्मांचा एक निष्क असे कोष्टक आरंभीच दिलेले आहे. एवढेच नव्हे, तर १९६६ पर्यंत दुबईच्या बाजारात आपला रुपयाच चालत असे. १९५९ मध्ये त्यासाठी रिझर्व्ह बँकेने निराळ्या नोटा काढल्या होत्या. १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाले तेव्हा त्या प्रदेशांनी तो सोडून दिला. पुढे डिसेंबर १९७१ मध्ये अमिरातींचे संघराज्य झाले आणि १९७३ मध्ये त्यांचा दिरहम निघाला. हा दिरहम अमेरिकन डॉलरशी बांधलेला आहे. ३.६७ दिरहम म्हणजे एक डॉलर. तेव्हा वर्तमानपत्रात डॉलरचा जो भाव असेल त्याला ३.६७ ने भागावे, म्हणजे दिरहमाचा भाव घरबसल्या कळतो. परंतु रुपया घसरला म्हणून आपणांस आनंद झाला, तरी मुलाचे भाडे दिरहमातच असते, आणि ते त्यामुळे कवडीनेही कमी होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

आता भाड्याचा प्रकार पाहू. आपल्याकडे भाडे महिन्याचे असते. दुबईत ते वर्षाचे असते, आणि जाहिरातीत जो आकडा छापतात तो वर्षाचा होय. हे वार्षिक भाडे महिन्याच्या महिन्यास रोख द्यावयाचे नसून, त्याबद्दल पुढील तारखांचे चेक करार करतानाच मालकाच्या हवाली करावयाचे असतात. कोणी मालक वर्षाचा एकच चेक मागतो, कोणी दोन, कोणी चार. क्वचित बारा चेकही स्वीकारले जातात. चेकांची संख्या जितकी कमी तितके भाड्यात कमीजास्त करण्यास मालक राजी होतो. म्हणजे ज्याच्या गाठीस पैसा अधिक त्यास घर स्वस्त, आणि ज्याच्यापाशी कमी त्यास महाग, असा हा न्याय आहे. शिवाय चेक लिहावयाचा तर बँकेत खाते पाहिजे, आणि त्यासाठी राहण्याचा परवाना व तेथील ओळखपत्र पाहिजे. नव्याने गेलेल्या मुलास ही कागदपत्रे मिळेपर्यंत तात्पुरत्या जागेत दिवस काढावे लागतात, आणि ती जागा दिवसाच्या हिशेबाने महाग पडते.

उदाहरणाकरिता वर्षाला ६०,००० दिरहम भाड्याची एका शयनगृहाची जागा धरू व चार चेकांवर सौदा ठरला असे समजू. पहिला चेक १५,००० चा. अनामत रक्कम रिकाम्या घरास सामान्यतः भाड्याच्या शेकडा ५, म्हणजे ३,००० (सामानासह घर घेतल्यास शेकडा १०). दलाली बहुधा शेकडा ५, म्हणजे आणखी ३,०००, आणि २०१८ पासून तिच्यावर शेकडा ५ कर, म्हणजे १५०. वीज व पाणी यांची अनामत सदनिकेस २,०००. कराराची नोंदणी व वीजजोडणी यांचे किरकोळ शुल्क तीनचारशे. अशी बेरीज केली असता किल्ली हाती पडण्यापूर्वीच सुमारे २३,५०० दिरहम मोजावे लागतात. आणि रिकामे घर म्हणजे तेथे खरोखरच रिकामे असते. शेगडी, शीतपेटी, पलंग, पडदे, सर्व नवे आणावे लागते. मुलाचा पगार महिन्यास १०,००० दिरहम असला, तरी ही रक्कम त्याच्या दोन महिन्यांच्या पगाराहून अधिक झाली. त्यापुढे दर तीन महिन्यांनी १५,००० चा चेक वटावयाचा असतो.

हे उघड खर्च झाले. जे प्रारंभी दिसत नाहीत असेही दोन आहेत. एक म्हणजे नगरपालिकेची घरपट्टी. ती भाड्याच्या शेकडा ५ असून भाडेकरूकडूनच घेतली जाते. वरील घरास ती वर्षाला ३,००० म्हणजे महिन्यास २५० होते, आणि ती विजेच्या बिलात मिळवून येते. दुसरा खर्च थंडाव्याचा. उन्हाळ्यात तेथे पारा ४० च्या वर जातो, आणि १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करविण्यास सरकारचीच मनाई असते. अशा ठिकाणी वातानुकूलन ही चैन नव्हे. काही इमारतींत थंड हवेचा खर्च मालक सोसतो, काहींत तो वीजबिलात येतो, आणि काहींत थंडावा पुरविणारी निराळीच कंपनी असून तिचे बिल व तिची अनामतही निराळी असते. म्हणून दोन घरांची तुलना करताना नुसते भाडे पाहू नये. थंडाव्याचे पैसे कोणाकडे, हे विचारल्यावाचून ती तुलना पुरी होत नाही. पुष्कळदा चार हजारांनी महाग दिसणारे घर वर्षाअखेरीस स्वस्त पडते.

स्थळाचा विचारही असाच करावा लागतो. बर दुबई, करामा व देरा हे जुने भाग. तेथे आपल्या लोकांची वस्ती दाट, किराणा व भाजी आपल्या चवीची, बर दुबईत जुने देऊळ. परंतु जागा लहान आणि इमारती जुन्या. अल कुसैस व अल नहदा हे शारजाच्या सीमेजवळचे भाग भारतीय शाळांमुळे कुटुंबवत्सल लोकांच्या आवडीचे आहेत. इंटरनॅशनल सिटी नावाची वसाहत स्वस्ताईबद्दल प्रसिद्ध आहे, परंतु तेथे अद्याप मेट्रो पोहोचलेली नाही. २००९ मध्ये दुबईची मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून स्थानकाजवळच्या घरास भाडे अधिक पडते हे खरे. पण ज्याच्याजवळ गाडी नाही त्याने ते अधिक भाडे आणि गाडीचा हप्ता, विमा, इंधन व पथकर यांची बेरीज समोरासमोर मांडून पाहावी.

कित्येक जण दुबईत नोकरी करून शारजात राहतात, कारण तेथे भाडे बरेच कमी असते. शारजा ही निराळी अमिरात असून तिचे भाड्याचे नियम निराळे आहेत आणि दुबईची मेट्रो तेथवर जात नाही. सकाळ-संध्याकाळ त्या रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते तिच्यात जाण्यायेण्याचे दोनतीन तास सहज जातात. वर्षाचे ते किती तास होतात याचा गुणाकार वाचकांनीच करावा. भाड्यात वाचलेले पैसे त्या तासांनी भागले म्हणजे आपण आपला तास कितीस विकला हे कळते. कित्येकांस तो सौदा परवडतो, आणि मुले लहान असताना मोठी जागा मिळते म्हणून ते तो समजून उमजून करतात. त्यास आमची ना नाही. न मोजता केलेला सौदा तेवढा टाळावा.

आता कायद्याची बाजू. भाड्याने राहणाऱ्याचे हक्क ही आपल्यास नवी कल्पना नाही. परक्याच्या जमिनीवर घर बांधून भाडे भरीत राहिलेल्या माणसाने निघताना आपले गवत, लाकूड व विटा घेऊन जाव्या, असा निवाडा नारदस्मृतीत सांगितलेला आहे. दुबईतही भाडेकरूस पुष्कळ संरक्षण आहे, मात्र ते कागदावर नोंद असलेल्यासच मिळते. प्रत्येक करार सरकारी दप्तरात नोंदवावा लागतो. त्या नोंदणीस 'इजारी' म्हणतात. आपल्या जुन्या दप्तरांतील 'इजारा' व 'इजारदार' हे शब्द त्याच अरबी मुळाचे आहेत. ही इजारी नसेल तर वीज आपल्या नावे लागत नाही, तंटा दाद मागण्याजोगा राहत नाही, आणि बायकोमुलांस तिकडे नेण्याचा परवानाही अडतो.

२००७ चा कायदा आणि त्याची २००८ मधील दुरुस्ती यांनी ठरविलेले नियम थोडक्यात असे. कराराच्या अटी किंवा भाडे बदलावयाचे असेल तर मुदत संपण्यापूर्वी ९० दिवस सूचना दिली पाहिजे. घर विकण्यासाठी किंवा स्वतःच्या वापरासाठी रिकामे करून घ्यावयाचे असेल तर मालकाने नोटरीमार्फत अथवा नोंदणीकृत टपालाने १२ महिन्यांची सूचना दिली पाहिजे. स्वतःच्या वापराचे कारण सांगून रिकामे करविलेले राहते घर त्यास २ वर्षे दुसऱ्यास भाड्याने देता येत नाही. भाडेवाढीची मर्यादा २०१३ च्या हुकुमाने ठरली. चालू भाडे बाजारातील सरासरीपेक्षा शेकडा १० पर्यंतच कमी असेल तर काहीही वाढ नाही. ११ ते २० कमी असल्यास जास्तीत जास्त ५, २१ ते ३० कमी असल्यास १०, ३१ ते ४० कमी असल्यास १५, आणि त्याहूनही कमी असल्यास २०. ही सरासरी सरकारच्या भाडेसूचीत पाहावयास मिळते. जानेवारी २०२५ पासून ती सूची नव्या पद्धतीने, इमारतीची प्रत लक्षात घेऊन केलेली आहे. तंट्यासाठी २०१३ मध्ये निराळे न्यायस्थानही स्थापन झाले.

याची मुंबईशी तुलना करण्याजोगी आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठविली. त्यामुळे राहणाऱ्यांना निवारा मिळाला हे खरे, परंतु मालकास दुरुस्ती परवडेनाशी झाली, चाळी खचत गेल्या आणि नव्याने येणाऱ्यापुढे पागडीची भिंत उभी राहिली. दुबईने भाडे गोठविले नाही. वाढीला पायऱ्या घातल्या. त्यामुळे घरे बांधली जातात, पण भाडेही थांबत नाही. आत असलेल्यास हा नियम काही काळ सांभाळतो; नव्याने घर शोधणाऱ्यास मात्र चालू बाजारभावच द्यावा लागतो. म्हणून एकदा बरे घर मिळाल्यावर क्षुल्लक कारणासाठी ते सोडू नये.

फसवणुकीपासून जपण्याचे मार्गही सांगितले पाहिजेत. दलाल सरकारदरबारी नोंदलेला असतो व त्याजपाशी ओळखपत्र असते, ते पाहावे. मालकीचा कागद पाहावा, त्यावरील नाव व करारावरील नाव ताडून घ्यावे, आणि चेक त्याच नावाने लिहावे. घर डोळ्यांनी पाहण्यापूर्वी 'जागा अडवून ठेवण्यासाठी' म्हणून कोणी रोख मागितली तर देऊ नये. चेक म्हणजे वचन होय. जानेवारी २०२२ पासून खात्यात पैसे नसल्यामुळे चेक परत जाणे हा बहुतेक प्रसंगी फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. परंतु लबाडी असेल तर तो आजही गुन्हाच आहे, आणि परतलेल्या चेकावरून वसुलीसाठी थेट न्यायालयात जाता येते.

इतका सारा खर्च पाहून पुष्कळ मुले तिसराच मार्ग धरतात. एका खोलीत पातळ फळ्या उभ्या करून तिचे तीनचार खण पाडतात आणि एकेक खण, किंवा नुसता एकेक पलंग, महिन्याच्या भाड्याने दिला जातो. मालकाच्या लेखी संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवणे तेथे कायद्याविरुद्ध आहे. तसे आढळल्यास मूळ भाडेकरू व पोटभाडेकरू दोघांसही बाहेर काढता येते, आणि असे खण पाडण्याविरुद्ध नगरपालिकेच्या तपासण्या होत असतात. मुंबईच्या गिरणगावात कोकणचे चाकरमानी एका गाळ्यात पाळीपाळीने निजत, ते काही हौसेने नव्हे. गावाकडे मनिऑर्डर वेळेवर जावी म्हणून ते तसे राहत. दुबईतील पलंगाच्या मागेही बहुधा हेच कारण असते.

आमच्या परिचयाच्या एका घरची हकीकत यासाठी सांगतो. नावागावाचे प्रयोजन नाही. घर एकत्र, माणसे सुशिक्षित, मुलगा अभियंता. तो दुबईस गेल्यापासून दरमहा न चुकता पैसे येत, आणि वडील ते अभिमानाने वहीत मांडीत. वाड्याचे पत्रे गेले, स्लॅब पडला. तीन वर्षांनी धाकटे काका काही कामानिमित्त तिकडे गेले. मुलाने त्यांना उपाहारगृहात भेटण्याचा फार आग्रह केला. काकांनी त्याच्या बिऱ्हाडी जाण्याचा हट्ट धरला. गेले तो एका खोलीत चार खण, खिडकी चौथ्याच्या वाट्यास, याचा खण मधला. ट्रंक पलंगाखाली, देवाची तसबीर फळीला टाचलेली. बाहेर सारे शहर दिव्यांनी लखलखत होते, आणि आत आमच्या घरचा अभियंता, ज्याची मुलगी अकलूजकडे 'बाबा' म्हणून दूरध्वनीच्या पडद्याला हात लावीत होती, तो पडद्याआड निजत होता. नियमाप्रमाणे त्याचा पगार कुटुंब नेण्यास पुरेसा होता. तेथे ४,००० दिरहम पगाराच्या माणसासही कुटुंबाचा परवाना मागता येतो. अडले होते ते स्वतःच्या नावच्या घरावाचून, आणि घर अडले होते त्या पहिल्या तेवीस-चोवीस हजारांवाचून. तेवढी शिल्लक त्याच्यापाशी कधी साठलीच नाही, कारण शिल्लक दर महिन्यास आपल्याकडे येत होती.

काका परत आले व माजघरात सर्वांदेखत त्यांनी जे पाहिले ते सांगितले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी आजी म्हणाली, "वाडा शंभर वर्षं उभा आहे, आणखी एक वर्ष तसाच राहील. पोरीला बापाकडे पोचती करा." ते वर्ष त्या घराने मुलाकडून एक पैसा घेतला नाही, वरून पहिल्या चेकापुरती रक्कम उभी करून दिली. आज ती मुलगी अल कुसैसमधील शाळेत तिसरीत आहे, आणि पैसे पूर्वीपेक्षा थोडे कमी, परंतु नियमाने येतात.

या हकीकतीत दोष कोणाचा, हे शोधण्यात अर्थ नाही. मुलाने संकोचाने सांगितले नाही आणि घराने विचारले नाही, एवढेच घडले. एकत्र कुटुंबाची थोरवी आपण नेहमी गातो. ती थोरवी मिळकत एकत्र करण्यात आहे तशीच अडचण एकत्र करण्यातही असली पाहिजे. म्हणून ज्यांचा मुलगा वा मुलगी तिकडे निघाली असेल त्यांस आमची सूचना अशी की, नोकरी पत्करण्यापूर्वीच घरभाडे कंपनी देते की पगारातून जाते, आणि वर्षाचे भाडे आगाऊ उचल म्हणून मिळते की नाही, हे लेखी विचारून घ्यावे. वरच्यासारखा हिशेब सर्वांसमोर बसून मांडावा. पहिल्या वर्षी तिकडून काही येणार नाही असे धरून घरचा खर्च बेतावा. कर्जाचा हप्ता मुलाच्या पहिल्या पगारावर लावून देऊ नये.

आमच्या भागात आडसाली ऊस लावणारा शेतकरी दीड वर्ष नुसता घालीत असतो. बेणे, खत, पाणी, मजुरी. मध्येच जाऊन फडाकडे पैसा मागणारा शहाणा आम्ही पाहिलेला नाही. दुबईच्या पहिल्या चेकाची रक्कम मुलाच्या नावे उसनी म्हणून मांडण्याऐवजी बेण्याच्या खर्चाखाली मांडावी, आणि पुढच्या वेळी तिकडे दूरध्वनी लागला म्हणजे पैशाची गोष्ट काढण्यापूर्वी त्याची निजण्याची जागा दाखव म्हणावे.